चित्रांतील अंगुळें

मनुष्य मोजावयास शिकला तो स्वतःच्या देहावरून. हात, वीत, अंगुळ, पुरुष हीं आपल्या जुन्या मापांचीं नांवेंच त्याची साक्ष देतात. बारा अंगुळांची वीत आणि चोवीस अंगुळांचा हात हें कोष्टक आज कोणी पाठ करीत नसलें, तरी देवळाबाहेरची माळीण फुलांची माळ अजून हातानेंच मोजून देते. मात्र हात कोणाचा, देणारीचा कीं घेणारीचा, असा प्रश्न निघाला म्हणजे मापाची खरी अडचण कळून येते.

मूर्तिशास्त्रानें ह्या अडचणींतून निराळी वाट काढली. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत प्रतिमेचीं प्रमाणें दिलीं, तीं प्रतिमेच्याच अंगुळांत. प्रतिमेच्या उंचीचे बारा भाग करावयाचे व प्रत्येकाचे पुन्हा नऊ. म्हणजे १०८ अंगुळें झालीं. मूर्ति देव्हाऱ्यांतली असो वा डोंगराएवढी, तिचीं अंगुळें तेवढींच. ह्या मापानें अवयवांचा मेळ बरोबर कळतो. मूर्ति प्रत्यक्ष केवढी, हें मात्र त्यावरून मुळींच कळत नाहीं.

हा भेद आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होता. तो उमगला मात्र कंधारास. नांदेड जिल्ह्यांतील ह्या गांवीं राष्ट्रकूटांच्या काळच्या एका प्रचंड क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवशेष आहेत. अखंड असतांना ती मूर्ति कित्येक पुरुष उंच असली पाहिजे, हें तुकडे पाहणारास सांगावें लागत नाहीं. आम्हीं उत्साहानें पुष्कळ छायाचित्रें घेतलीं आणि घरीं येऊन पाहतों तों एकाही चित्रांत तुकड्याशेजारीं मोजपट्टी ठेवलेली नाहीं!

संगणकावरील चित्र हें बारीक बारीक चौकोनांचें, म्हणजे पिक्सेलांचें, बनलेलें असतें. फोटोशॉप किंवा इमेजजे ह्यांसारख्या साधनांत दोन बिंदूंमध्यें रेघ ओढली कीं तेवढ्या अंतरांत किती पिक्सेल आले, हें तत्काळ कळतें. परंतु पिक्सेल म्हणजे चित्राचें स्वतःचें अंगुळ. वराहमिहिराच्या अंगुळाप्रमाणेंच तें मेळ सांगतें, आकार सांगत नाहीं. त्याचे फूट-इंच करावयाचे तर चित्रांतील एका तरी वस्तूची खरी लांबी ठाऊक असली पाहिजे. ती एकदां सांगितली, कीं साधन पुढील सर्व मापें त्या हिशेबानें देतें व त्यांची यादीही करून ठेवतें.

ह्या खटाटोपाचा उपयोग काय, असें विचारणारास लातूर जिल्ह्याकडे बोट दाखवितां येईल. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला. चिखलांत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवरील मातीचीं जड माळवदें झोपलेल्या माणसांवर कोसळलीं. लातूर व उस्मानाबाद (आतांचें धाराशिव) ह्या दोन जिल्ह्यांत हजारों माणसें दगावलीं. ५२ गांवें नव्या जागीं वसवावीं लागलीं. माणसें गेलीं तेथें घरांची कथा काय? पण पिढ्यान्‌पिढ्यांचे वाडे कसे होते, ओसरी केवढी, भिंत किती जाड, हें ज्ञानही बहुतेक ठिकाणीं त्यांच्याबरोबरच गेलें.

त्यांतल्याच एका गांवचे आमचे एक जुने विद्यार्थी आपल्या वाड्याचें छायाचित्र घेऊन आमच्याकडे आले. “सर, हें दार केवढें होतें, सांगतां येईल का?” असें त्यांनीं विचारलें. चित्रांत दाराच्या चौकटीस लागून एक समई उभी होती. ती ढिगाऱ्यांतून निघाली होती व आतां नव्या घरांत देवापुढें आहे, असें ते म्हणाले. त्यांनीं ती मोजून कळविली. बरोबर दोन फूट. चित्रांत समई १६० पिक्सेल भरली व दार ४४०. म्हणजे दार साडेपांच फुटांचें. “बाबा नेहमीं वांकून येत,” एवढेंच ते बोलले. त्या पहांटे त्या दारांतून बाबा बाहेर आले नव्हते.

आकडा निघाला म्हणून तो निर्दोष ठरत नाहीं. समई दाराच्या चार हात पुढें असती, तर ती कॅमेऱ्याजवळ असल्यामुळें मोठी दिसली असती आणि दार खऱ्याहून ठेंगणें ठरलें असतें. चित्र तिरकस घेतलेलें असतें, तरीही हिशेब चुकला असता. म्हणून आम्हीं आकड्यापुढें चित्र कोणतें, प्रमाण कशावरून धरलें, मोजणी केव्हां केली आणि चूक किती संभवते, हें सर्व लिहून त्यांना दिलें. माप हें साक्षीदारासारखें आहे. तो कोठें उभा होता हें कळल्यावांचून त्याच्या सांगण्यास किंमत नाहीं.

छायाचित्रावरून मोजण्याची ही युक्ति तशी जुनीच. १८५८ सालीं जर्मनींत वेत्स्लार येथील कॅथेड्रलचीं मापें घेतांना उंचावरून पडतां पडतां वांचलेल्या अल्ब्रेख्ट मायडेनबाउअर ह्या तरुणाच्या मनांत आलें कीं, इमारतीवर चढण्याऐवजीं तिचें छायाचित्रच मोजावें. त्याच्या खटपटीनें १८८५ सालीं बर्लिन येथें वास्तूंच्या अशा छायाचित्रांसाठीं प्रशियाची सरकारी संस्था निघाली, आणि दुसऱ्या महायुद्धांत उद्ध्वस्त झालेल्या इमारती पुन्हा उभारतांना तिचा संग्रह कामीं आला. संकटापूर्वीं केलेली नोंदच संकटानंतर उपयोगीं पडते.

आपल्याकडे असा संग्रह कोणी तरी करील, म्हणून वाट पाहत बसण्याचें कारण नाहीं. वाचकांपैकीं ज्यांच्या गांवीं जुना वाडा, बारव किंवा पडकें देऊळ उभें असेल, त्यांनीं त्याच्या अगदीं समोर उभें राहून छायाचित्र घ्यावें, भिंतीस लागून एक मोजपट्टी ठेवावी आणि स्थळ व तारीख लिहून ठेवावी. आमच्या हातून राहिलेलें काम आम्हांसही पुरें करावयाचें आहे. येत्या सुटींत आम्ही मोजपट्टी घेऊन पुन्हा कंधारास जाणार आहों.