जन्मतःच संशयित: १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा, पोलिसी नोंदवही आणि खासगीपणाचा हक्क

१/
सोलापुरात आजही ‘सेटलमेंट’ या नावाने ओळखला जाणारा भाग आहे. तेथील वस्त्यांच्या पत्त्यांत ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे शब्द येतात. हे ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. तारेच्या कुंपणाबाहेर राहण्याची मुभा ज्यांना मिळाली, त्यांची ही वसाहत. कुंपणाच्या आत राहणाऱ्या बहुसंख्य लोकांवर कोणताही गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. मग ते आत का होते? हा धागा त्याविषयी.

२/
आज पाळत म्हटली की मोबाइल, कॅमेरे आणि बोटांचे ठसे घेणारी यंत्रे आठवतात. भारतात मात्र राज्यसंस्थेने संपूर्ण समाजांवर पद्धतशीर पाळत ठेवली, ती वीजही न पोहोचलेल्या गावांत. त्यासाठी तीन साधने पुरेशी होती: नोंदवही, हजेरी आणि परवाना. या तिन्हींना कायद्याचे बळ मिळाले ते १८७१ साली.

३/
या विचाराची पूर्वतयारी आधीच झाली होती. १८३०च्या दशकात ठगांविरुद्ध मोहीम चालली आणि १८३६च्या ३०व्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच शिक्षापात्र गुन्हा ठरला. त्यासाठी जन्मठेप होती. अमुक व्यक्तीने अमुक दिवशी काय केले, हे सिद्ध करण्याची गरज उरली नाही. ती कोणापैकी आहे, एवढे पुरे झाले. पुढच्या कायद्याचे बीज येथे आहे.

४/
१८५७च्या उठावानंतर इंग्रज सरकारला फिरत्या माणसाचे भय वाटू लागले. ज्याला ठरावीक गाव नाही, शेत नाही, सारा भरण्याची पावती नाही, तो सरकारी कागदात बसत नव्हता. त्याच सुमारास या समाजांची उपजीविकाही मोडत होती. बैलांच्या तांड्यांवरून धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांचा धंदा रेल्वेने हिरावला. वनकायद्यांमुळे पारध्यांची शिकार बेकायदा ठरली. कालचा व्यापारी आणि शिकारी आज ‘भटक्या संशयित’ झाला.

५/
१२ ऑक्टोबर १८७१ रोजी ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ मंजूर झाला. त्यामागचा युक्तिवाद साधा आणि भयंकर होता. या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार. जातिव्यवस्थेबद्दलची अर्धवट समजूत आणि युरोपात त्या काळी रुजू लागलेली ‘आनुवंशिक गुन्हेगारी’ची कल्पना यांची ही सरमिसळ होती.

६/
या कायद्यानुसार प्रांतिक सरकार गव्हर्नर जनरलच्या संमतीने एखादी जमात, टोळी किंवा वर्ग ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर करू शके. एकदा अधिसूचना निघाली की तिची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासता येत नसे. हे कलम नीट पाहण्यासारखे आहे. आरोप सरकारचा, निर्णय सरकारचा, आणि दाद मागण्याचे दार मुळातच बंद. पुढे जे घडले त्याचा पाया हाच.

७/
अधिसूचनेनंतर नोंदवही तयार होई. जमातीच्या लोकांनी ठरल्या दिवशी हजर राहून आपली माहिती द्यायची. न आल्यास किंवा खोटी माहिती दिल्यास शिक्षा. नोंदलेल्या माणसाने ठरावीक हद्दीतच राहायचे आणि बाहेर जायचे तर पास घ्यायचा. पासाशिवाय हद्दीबाहेर सापडल्यास वॉरंटविना अटक होई. बाजार, लग्न, आजारी नातेवाईक, मयत, कशासाठीही जायचे तरी आधी सरकारी कागद.

८/
पाळत ठेवणारे केवळ पोलीस नव्हते. गावचा मुखिया, चौकीदार आणि जमीनमालक यांच्यावरही माहिती कळवण्याची जबाबदारी टाकलेली होती आणि त्यांनी हयगय केली तर त्यांनाही शिक्षा होती. अशा रीतीने शेजारी हाच खबऱ्या झाला. गावाचा संशय आणि सरकारचा संशय एकमेकांना दुजोरा देऊ लागले. गावात चोरी झाली की शोध कोठून सुरू करायचा, हे आधीच ठरलेले असे.

९/
प्रारंभी हा कायदा उत्तर भारतात लागू होता आणि १८७६ साली तो बंगालपर्यंत गेला. १८९७च्या दुरुस्तीने लहान मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याची तरतूद आली. युक्तिवादाची ही पुढची पायरी होती. गुन्हेगारी रक्तात असेल तर मूलही संशयितच, आणि त्याला ‘सुधारायचे’ तर घरापासूनच तोडले पाहिजे.

१०/
मुंबई इलाख्यात कायद्याआधी वर्णन आले. १९०८ साली पोलीस खात्यातील वरिष्ठ अधिकारी मायकेल केनेडी यांनी मुंबई इलाख्यातील ‘गुन्हेगार वर्गां’वर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. भामटा, कैकाडी, मांग-गारुडी, पारधी, छप्परबंद, बेरड, रामोशी अशी प्रकरणेच्या प्रकरणे त्यात आहेत. पेहराव, बोली, वस्तीची जागा, चोरीची ‘पद्धत’, सारे नमूद आहे. एका समाजाची ओळख हाच तपासाचा मुद्दा बनवणारे हे पुस्तक पोलिसांच्या हाती देण्यासाठीच लिहिलेले होते.

११/
१९११च्या नव्या कायद्याने ही व्यवस्था मुंबई आणि मद्रास इलाख्यांसह सर्व ब्रिटिश भारतात पसरली. सोबत एक नवे साधन आले: बोटांचे ठसे. ठशांचे वर्गीकरण करून ते शोधता येतील अशी पद्धत १८९०च्या दशकात कलकत्त्यात विकसित झाली. तेथे १८९७ साली ठशांची कचेरी सुरू झाली. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचे गणिती डोके त्यामागे होते. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे लागले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डने हे तंत्र १९०१ साली स्वीकारले.

१२/
ठशामुळे काय बदलले? नाव बदलता येते, गाव बदलता येते, बोट बदलता येत नाही. पूर्वी दूरच्या जिल्ह्यात जाऊन नवे आयुष्य सुरू करण्याची अंधुक शक्यता तरी होती. आता माणसाचे शरीरच त्याच्याविरुद्धचा कायमचा दाखला झाले. गुन्हा केलेल्याचे ठसे घेणे वेगळे. येथे ठसे आधी घेतले जात, गुन्ह्याची वाट नंतर पाहिली जाई.

१३/
लोकांनी हे मुकाट्याने सोसले असे नाही. मदुरै जिल्ह्यातील पेरुंगामनल्लूर गावात कळ्ळर समाजाने या कायद्याखालील नोंदणीस आणि ठसे देण्यास नकार दिला. ३ एप्रिल १९२० रोजी पोलिसांनी तेथे गोळीबार केला. डझनाहून अधिक माणसे मरण पावली. जालियनवाला बागेला तेव्हा वर्षही पूर्ण झाले नव्हते. तरीही हे गाव पाठ्यपुस्तकांच्या कडेलाच राहिले.

१४/
सर्वांत कडक पाळत ‘सेटलमेंट’मध्ये असे. मुंबई इलाख्यात सोलापूर, हुबळी, विजापूर, गदग अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. अन्य प्रांतांत काही वसाहती साल्व्हेशन आर्मीसारख्या मिशनरी संस्थांकडे सोपवल्या होत्या. तारेचे कुंपण, ठरलेल्या वेळी हजेरी, बाहेर जाण्यास पास. सोलापुरातील वसाहतीच्या रहिवाशांना कापडगिरण्यांत कामाला धाडले जाई. सरकार याला सुधारणा म्हणे. ज्या मजुराला संध्याकाळी हजेरीसाठी परतणे भागच आहे, तो गिरणीमालकाशी किती भांडू शकत असेल, हा प्रश्न वाचकांनी स्वतःलाच विचारावा.

१५/
१९२४ साली सर्व तरतुदी एकत्र करून नवा कायदा आला. जाहीर झालेल्या जमातीतील व्यक्तीला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षे तुरुंगवास, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळे पाणी. विशेष कारण असेल तरच न्यायाधीशाला यात सूट देता येई. तोच गुन्हा दुसऱ्या जातीच्या माणसाने केला तर त्याला नेहमीची शिक्षा. शिक्षेचे माप गुन्ह्यावर नव्हे, जन्मावर ठरत होते.

१६/
१९३६ साली जवाहरलाल नेहरूंनी या कायद्यावर कठोर टीका केली आणि तो नागरी स्वातंत्र्याशी विसंगत असल्याचे सांगितले. तरी १५ ऑगस्ट १९४७ रोजी हा कायदा केंद्राच्या पुस्तकात तसाच होता. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४९-५० मध्ये तो रद्द करण्याची शिफारस केली. अखेर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. देश स्वतंत्र झाल्यावर हे समाज पाच वर्षे सोळा दिवसांनी कायद्याने मोकळे झाले. म्हणून ३१ ऑगस्ट हा त्यांचा ‘विमुक्त दिन’.

१७/
कायदा गेला, नोंदवही गेली नाही. त्याच अय्यंगार समितीने सुचवल्याप्रमाणे राज्यांनी ‘सराईत गुन्हेगार’ कायदे केले. महाराष्ट्रात १९५९चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा आला. कागदावर फरक मोठा होता. आता जमात नव्हे, व्यक्तीची नोंद होणार होती. व्यवहारात ठाण्यातील जुनी समजूत तशीच राहिली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मकथने वाचली की कायदा रद्द होणे आणि संशय रद्द होणे यांतील अंतर समजते.

१८/
याच काळात पाळतीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात वेगळ्या वाटेने पोहोचला. उत्तर प्रदेशातील खडक सिंग यांना १९४१ साली दरोड्याच्या प्रकरणात पकडले गेले आणि पुराव्याअभावी सोडून देण्यात आले. तरी पोलिसांनी त्यांची ‘हिस्टरी शीट’ उघडली. रात्री चौकीदार आणि शिपाई दार ठोठावून त्यांना उठवत. परगावी जायचे तर आधी कळवावे लागे. मिळकत, खर्च, सवयी, सोबती, सारे टिपले जाई. साधने ओळखीची वाटतात ना?

१९/
१८ डिसेंबर १९६२ रोजी निकाल लागला. रात्रीच्या घरझडत्या घटनाबाह्य ठरल्या. मात्र राज्यघटनेत खासगीपणाचा मूलभूत हक्क नाही, असे बहुमताने म्हटले आणि उरलेली पाळत कायम राहिली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्नमत नोंदवले. त्यांचा मुद्दा असा होता की ज्याच्यावर सतत नजर आहे तो हिंडूफिरू शकला तरी मोकळा नसतो. पाळत ही मनावरची बेडी आहे आणि व्यक्तिस्वातंत्र्यात खासगीपणा अनुस्यूत आहे.

२०/
ते अल्पमत बहुमत होण्यास ५५ वर्षे लागली. ‘आधार’ला आव्हान देणाऱ्या निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेत २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. खडक सिंग निकालाचा तेवढा भाग रद्द झाला. यापुढे या हक्कात हस्तक्षेप करायचा तर कायद्याचा आधार हवा, उद्देश वैध हवा आणि उपाय त्या उद्देशाच्या प्रमाणात हवा.

२१/
ही कसोटी १८७१च्या कायद्याला लावून पाहावी. कायदा होता. उद्देशही कागदावर गुन्हेप्रतिबंधाचा होता. तो कोसळतो तो प्रमाणाच्या निकषावर. काहींच्या गुन्ह्यासाठी सर्वांवर, आयुष्यभर, पिढ्यान्‌पिढ्या पाळत. म्हणूनच ‘कायद्याने परवानगी आहे’ एवढे उत्तर कधीच पुरेसे नसते. गुन्हेगार जमाती कायदा संपूर्णपणे कायदेशीर होता.

२२/
३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातिआधारित तरतुदी रद्द केल्या. विमुक्त जमातींना सवयीने गुन्हेगार मानणारे उल्लेखही त्यात होते. या समाजांतील लोकांना मनमानी अटक होऊ नये, असे निर्देश पोलिसांना द्यावे लागले. कायदा रद्द होऊन तेव्हा ७२ वर्षे झाली होती.

२३/
‘मी काही केले नाही, मग मला पाळतीचे भय कशाला?’ हा प्रश्न आज सर्रास विचारला जातो. सोलापूरच्या कुंपणामागे हजेरी देणाऱ्या असंख्य माणसांनीही काही केलेले नव्हते. नोंदवहीत नाव कशासाठी घालायचे, हे ज्याचे नाव आहे तो ठरवत नाही. ते नोंदवही ज्याच्या हाती आहे तो ठरवतो.

२४/
कुंपणाच्या तारा आता नाहीत. मुले ‘सेटलमेंट’ हा शब्द इतर कोणत्याही पेठेच्या नावासारखा उच्चारतात. पण पत्त्यातला ‘फ्री’ अजून तसाच आहे. कधीकाळी मोकळे असणे ही वेगळी नोंदवून ठेवण्याची बाब होती, याची तेवढी एक खूण त्या पत्त्यात उरली आहे.

(धागा समाप्त)