बार्सिलोनाच्या बंदरावरचा १९३१ सालचा रोपवे: दोन डबे, तीन स्टेशनं आणि एक युद्ध

बार्सिलोनाच्या रील्समध्ये पाण्याच्या बऱ्याच वरून सरकत जाणारा एक लाल डबा तुम्ही पाहिला असेल. तो जुन्या बंदरावरचा रोपवे. मूळ कल्पना १९२९ सालच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनासाठीची, आणि ती कार्लेस बुइगास यांची. मोंजुइक टेकडीच्या पायथ्याचं प्रसिद्ध रंगीत कारंजंही त्यांचंच. पण प्रदर्शन संपलं तरी रोपवे तयार नव्हता. तो सुरू झाला १९३१ मध्ये, म्हणजे ज्या गर्दीसाठी बांधला ती गर्दी घरी गेल्यावर!

मार्ग साधारण १,३०० मीटरचा. बार्सेलोनेता किनाऱ्याजवळच्या ७८ मीटर उंच सान सेबास्तिया टॉवरपासून निघायचं, मध्ये धक्क्यावरचा जाउमे पहिला हा १०७ मीटरचा लोखंडी टॉवर, आणि शेवट मोंजुइकच्या उतारावर मिरामार स्टेशनला. मधला टॉवर एवढा उंच का? कारण कितीही ताणला तरी दोर मध्ये झोळ खातोच, आणि खालून जहाजं जायची असतात. एवढं अंतर आधाराशिवाय सोडलं असतं तर झोळ आणखी खाली आला असता.

आता तंत्र. इथे दोन प्रकारचे दोर आहेत. जाड दोर जागचा हलत नाही. तो रुळासारखा असतो, डब्याची चाकं त्याच्यावरून धावतात. दुसरा दोर फक्त ओढायचं काम करतो. डबे दोनच, एकाच ओढदोराला बांधलेले: एक निघाला की समोरून दुसरा येतो. उतरणाऱ्याचं वजन चढणाऱ्याला मदत करतं, त्यामुळे मोटरला फक्त दोघांच्या वजनातला फरक आणि घर्षण यांच्याशीच झगडावं लागतं. विहिरीच्या रहाटाला दोन बाजूंना दोन बादल्या बांधल्या तर जसं होईल, तसंच हे.

तोटा रांगेत उभं राहिल्यावर कळतो. एका डब्यात साधारण २० माणसं. एका फेरीला चढउतारासह दहा मिनिटं धरली, तर तासाला एका दिशेने जेमतेम १२० जण जातात. मार्ग लांब केला की हा आकडा आणखी घसरतो, कारण जास्तीचा डबा जोडायची सोयच नाही.

यादवी युद्धात (१९३६ ते १९३९) मात्र या उंचीचा उपयोग वेगळाच झाला. टॉवरवरून टेहळणी व्हायची. रोपवे बंद पडला, तो थेट १९६३ मध्ये पुन्हा चालू झाला. पुढे शतक संपता संपता मोठी दुरुस्तीही झाली. आजही वारा जोरात असला की सेवा थांबवतात. लांबच लांब दोरावर लटकलेला डबा वाऱ्याने झुलतो, त्यामुळे यात घासाघीस करून उपयोग नाही.

आणि एक गोंधळ टाळा. मॅपवर शोधलं की मोंजुइकला दोन रोपवे दिसतात. दुसरा १९७० सालचा, २००७ मध्ये नव्याने बांधलेला, तो वर किल्ल्यापर्यंत जातो. त्यात छोट्या केबिन एकामागून एक फिरत राहतात, म्हणून रांग भराभर सरकते. दोघांची तिकिटं वेगळी. किल्ला बघायचा असेल तर तो घ्या. बंदर वरून बघायचं असेल तर लाल डब्याच्या रांगेत उभे राहा, शक्यतो सकाळी लवकर.