पोटमाळ्यातली सात वर्षं



नऊ फूट लांब, सात फूट रुंद, आणि जिथं सगळ्यांत उंच तिथंही तीनच फूट. अशा अंधाऱ्या पोटमाळ्यात एक बाई जवळजवळ सात वर्षं लपून राहिली. उभं राहायची सोय नव्हती, अंगावरून उंदीर फिरायचे. लाकडाला पाडलेल्या बारीक भोकांतून ती आपली दोन मुलं अंगणात खेळताना बघायची. आई इतक्या जवळ आहे, हे मुलांना माहीत नव्हतं.

तिचं नाव हॅरिएट जेकब्स. १८१३ साली अमेरिकेतल्या उत्तर कॅरोलायना राज्यात ती गुलाम म्हणूनच जन्मली. पहिल्या मालकिणीनं तिला लिहा-वाचायला शिकवलं. पण मरताना भांडीकुंडी नावावर करावीत तशी ती एका लहानग्या भाचीच्या नावावर केली. भाचीचे वडील डॉक्टर होते. हॅरिएट वयात येऊ लागली तशी त्यांची वाईट नजर तिच्यावर पडली. त्यांच्या जाचातून सुटण्यासाठीच ती पुढं पोटमाळ्यात लपली. १८४२ मध्ये ती उत्तरेकडे निसटली.

त्या काळात हॅरिएट बीचर स्टो या गोऱ्या लेखिकेच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीनं अमेरिका हलवून सोडली होती. १८५२ साली निघालेल्या या पुस्तकाच्या पहिल्याच वर्षी तीन लाख प्रती खपल्या. जेकब्सची हकिगत स्टोबाई आपल्या पुढच्या पुस्तकात घ्यायला तयार होत्या. जेकब्सला ते नको होतं. दिवसा दुसऱ्याची मुलं सांभाळून रात्री तिनं स्वतःच लिहिलं. १८६१ मध्ये टोपणनावानं पुस्तक आलं.

या पुस्तकातली डॉक्टरांची बायको माझ्या मनातून जात नाही. नवऱ्याचे रंग तिला दिसत होते. ती रडली, घरात भांडणंही झाली. पण स्वतःची कीव करणाऱ्या त्या बाईला समोरच्या पोरीची दया आली नाही. रात्री ती हॅरिएटच्या अंथरुणाशी येऊन तिच्यावर वाकून उभी राहायची. कायदा असा, की गुलाम आईचं मूल गुलामच. त्यामुळं मालकाचं स्वतःच्या रक्ताचं मूलही बाजारात विकलं जाई, आणि त्याची बायको ते बघे. जेकब्सनं हे स्पष्ट लिहिलंय: हा अन्याय काळ्या बाईला चिरडतोच, पण गोऱ्या घरातली माणुसकीही कुजवतो.

आता १९३९ सालात या. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटात तशाच घरातली ‘मॅमी’ दिसते. जाडजूड, प्रेमळ, मालकाच्या मुलीवर जीव टाकणारी. तिला स्वतःचं घर, स्वतःची मुलं असतील का, हा प्रश्न चित्रपट विचारतच नाही. प्रेक्षक हसत, समाधानानं घरी जातो. जेकब्सनं दाखवलेली कीड इथं रेशमी पडद्याआड गेली.

मॅमी झाली होती हॅटी मॅकडॅनियल. तिचे आई-वडील दोघंही एके काळी गुलाम होते. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला, तिथं काळ्या कलाकारांना मज्जाव होता. १९४० मध्ये तिला ऑस्कर मिळालं. ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. पण त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या टेबलावर बसवलं होतं. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते खटकलं असेल. सवय झाली की खटकत नाही, ही खरी हानी.

आणि जेकब्सचं पुस्तक? पुढं कित्येक वर्षं अभ्यासक त्याला कुणा गोऱ्या बाईनं रचलेली कादंबरी समजत राहिले. १९८० नंतर पत्रं-कागद तपासले गेले, तेव्हा ते तिचं स्वतःचं आयुष्य असल्याचं सिद्ध झालं. सिनेमातल्या मॅमीवर जगानं लगेच विश्वास ठेवला. खऱ्या बाईला सव्वाशे वर्षं थांबावं लागलं.

आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. तिथलं दुःख आपल्या दाराशीही आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. पडद्यावर घरकाम करणारी हसरी बाई दिसली, की मैत्रिणींनो, एवढं विचारू या: ही गोष्ट तिनं सांगितली असती, तर कशी सांगितली असती?