भुरी न धरणारा गहू

जनुक-संपादित गहू म्हटलं की प्रयोगशाळेतून कालपरवा बाहेर पडलेलं काहीतरी अघोरी प्रकरण, असा आपला समज असतो. भुरी न धरणाऱ्या गव्हाचं कूळ मात्र १९४२ सालच्या जर्मनीतल्या जवात सापडतं. क्ष-किरणांचा मारा केलेल्या बियाण्यातून असा एक जव निघाला, की त्याच्या पानांवर भुरीची पांढरी, पिठूळ बुरशी धरेना. तोच गुण इथिओपियातल्या पारंपरिक जवांतही आढळला, म्हणजे निसर्गाने हा बदल आपणहून करून ठेवला होता. कारण कळायला १९९७ साल उजाडलं: 'एमएलओ' हे जनुक निकामी झालं, की बुरशीला पेशीची भिंत भेदता येत नाही. तोवर असे वाण युरोपच्या शेतांत रुळलेही होते.

गव्हात हे आपोआप घडणं जवळपास अशक्यच. तीन गवतांच्या संकरातून तो जन्मला, त्यामुळे बहुतेक जनुकांच्या तीन-तीन प्रती. एक बिघडली तर उरलेल्या दोघी काम निभावतात. २०१४ साली गाओ चाइश्या आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी जनुक-संपादनाने 'एमएलओ'च्या तिन्ही प्रती एकदम निकामी केल्या. भुरी हटली, पण 'एमएलओ' गमावलेल्या झाडाची पानं अकाली पिवळी पडतात, उत्पन्न घटतं. यातून वाट दाखवली ती एका वेगळ्या झाडाने. संपादनाच्या कापाकापीत त्याच्या गुणसूत्राचा तीन लाखांहून अधिक अक्षरांचा तुकडा गळून पडला, शेजारचं 'टीएमटी३' जनुक जास्त काम करू लागलं आणि वाढ पूर्ववत झाली. हे २०२२ साली प्रसिद्ध झालं. नेमकेपणाचा डंका पिटणाऱ्या तंत्राला हे यश योगायोगाने मिळालं, हे समर्थकांनी मोकळेपणी सांगावं. शिवाय इथे उत्पन्न वाढत नाही, बुडणारं वाचतं.

योगायोग म्हणजे धोका, असा आक्षेप येईल. पण क्ष-किरणांनी तर जनुकं कुठेही, कशीही मोडत होती. अशा मोडतोडीतून निघालेल्या जवांची बिअर युरोप बिनतक्रार पीत आला. खरा आक्षेप वेगळा आहे. 'एमएलओ' निकामी झालेला गहू 'ब्लास्ट' या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला अधिक बळी पडू शकतो, असं प्रयोगांत दिसलंय, आणि हा रोग २०१६ सालीच बांगलादेशात पोचला. चीनने २०२४ मध्ये भुरीरोधक संपादित गव्हाला सुरक्षा प्रमाणपत्र दिलं. महाराष्ट्रातल्या गव्हाची मुख्य डोकेदुखी मात्र तांबेरा आहे, आणि त्यावर हा उपाय नाही. असं बियाणं उद्या इथे आलंच, तर तांबेरा आणि ब्लास्टच्या चाचण्यांचे निकाल आधी मागा.