विश्वाचं वय मोजणारं घड्याळ: हबलने निवत चाललेले तारे कसे शोधले?

१९९०च्या दशकात खगोलशास्त्रज्ञांपुढे एक विचित्र पेच होता. विश्वाच्या प्रसरणावरून काढलेलं त्याचं वय काही मोजमापांत सर्वांत जुन्या ताऱ्यांपेक्षाही कमी भरत होतं. म्हणजे आईपेक्षा लेक मोठी! कुठलं गणित चुकतंय हे तपासायला आणखी एक स्वतंत्र घड्याळ हवं होतं. ते मिळालं श्वेत बटू ताऱ्यांमध्ये.

श्वेत बटू म्हणजे काय?

सूर्यासारख्या ताऱ्याचं इंधन संपलं की बाहेरचे थर निघून जातात आणि साधारण पृथ्वीएवढा, अतिशय घन गाभा उरतो. हाच श्वेत बटू. गॅस बंद केल्यावर तवा जसा गार होतो, तसा तो अब्जावधी वर्षं निवत राहतो. तवा किती गार झालाय यावरून गॅस कधी बंद केला, याचा अंदाज येतोच.

पण एकट्यादुकट्या मंद ताऱ्याबाबत एक अडचण असते: तो खरंच मंद आहे की फक्त दूर आहे? बंदिस्त तारकागुच्छात हा प्रश्न सुटतो. तिथले लाखभर तारे जवळपास एकाच वेळी जन्मलेले आणि आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतात.

'एम ४'च का?

वृश्चिक राशीतला 'एम ४' हा आपल्याला सर्वांत जवळच्या बंदिस्त तारकागुच्छांपैकी एक, सुमारे ६,००० प्रकाशवर्षं दूर. तिथेही काम सोपं नव्हतं. तेजस्वी ताऱ्यांचा झगमगाट, शिवाय मागे आकाशगंगेची दाटी. हार्वी रिचर यांच्या चमूने २००१मध्ये हबल दुर्बिणीने ६७ दिवसांच्या काळात मिळून जवळपास आठ दिवसांचं एक्सपोजर घेतलं. ते १९९५च्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं. गुच्छातले तारे एकत्र सरकलेले दिसले, परके तारे आपोआप वेगळे पडले. खरी कमाल या युक्तीची.

हाती लागलेले सर्वांत मंद श्वेत बटू नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत अंधुक ताऱ्याच्या एक अब्जांशाहूनही कमी तेजस्वी होते. त्यांच्या निवण्याच्या वेगावरून २००२मध्ये गुच्छाचं वय सुमारे १२.७ अब्ज वर्षं निघालं. गुच्छ जन्मण्याआधीचा काळ मिळवून विश्वाचं वय १३ ते १४ अब्ज वर्षं, म्हणजे प्रसरणाच्या नव्या मोजमापांशी जुळणारं. नंतरच्या अभ्यासांत गुच्छाचा आकडा १२ अब्जांच्या आसपास उतरला. त्यामुळे आई-लेकीचा घोळ वाढला नाही, उलट मिटला.

'एम ४' पाहायचा असेल, तर मे-जूनच्या काळोख्या रात्री ज्येष्ठा ताऱ्याच्या किंचित पश्चिमेला द्विनेत्री रोखा. धुरकट ठिपका दिसेल. श्वेत बटू मात्र दिसणार नाहीत.