युद्धभूमीवर अॅम्ब्युलन्स पोहोचते कशी? मुंबई बंदरातून निघालेली दोन पथके

कुठे युद्ध पेटलं की जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर चंद्याचे डबे दिसू लागतात. एकदा अशाच एका डब्यावर लिहिलं होतं, "जखमींसाठी अॅम्ब्युलन्स". त्यात दहाची नोट टाकून आलेल्या आमच्या एका विद्यार्थ्याने वर्गात विचारलं, "ही गाडी तिथे नेतं कोण? आणि चालवतं कोण?" डबा फिरवणाऱ्यांना आम्ही हेच विचारलं, तर त्यांच्याकडेही उत्तर नव्हतं. त्यांच्या नीयतबद्दल आम्हाला शंका नाही, पण पुढचा विचार कुणी केलेलाच नव्हता. हा विचार आपल्या बुजुर्गांनी कसा केला, हे सांगण्यासाठी ही माहिती देत आहोत.

१९१२ : डॉ. अन्सारींचं पथक

ऑक्टोबर १९१२ मध्ये बल्गेरिया, सर्बिया, ग्रीस आणि माँटेनेग्रो यांनी उस्मानी तुर्कस्तानाविरुद्ध युद्ध पुकारलं. हेच पहिलं बाल्कन युद्ध. काही आठवड्यांतच तुर्की फौज राजधानीजवळच्या चताल्जापर्यंत मागे हटली. जखमींची रीघ लागली, त्यात कॉलराची साथ पसरली.

दिल्लीहून निघणाऱ्या 'कॉम्रेड' या इंग्रजी साप्ताहिकातून मौलाना मोहम्मद अली यांनी मदतीचं आवाहन केलं. अलीगढच्या विद्यार्थ्यांनी जेवणाच्या खर्चात काटकसर करून पैसे दिले. लाहोरच्या 'जमीनदार'चे संपादक मौलाना जफर अली खान यांनीही चंदा जमवला. पण जखमेवर पट्टी बांधायला नोट उपयोगी पडत नाही, त्यासाठी माणूस लागतो. म्हणून वैद्यकीय पथक पाठवायचं ठरलं.

पथकाचे प्रमुख होते डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. एडिनबरा येथे शिकलेले आणि लंडनच्या चेरिंग क्रॉस इस्पितळात काम केलेले सर्जन. १५ डिसेंबर १९१२ रोजी पथक मुंबईहून निघालं. त्यात डॉक्टरांबरोबर अब्दुर रहमान सिद्दीकी, शुएब कुरेशी, चौधरी खलीकुज्जमान, अब्दुर रहमान पेशावरी असे अलीगढचे तरुणही होते. हे तरुण डॉक्टर नव्हते. जखमींची सेवा करायला गेले होते. त्या काळी 'अॅम्ब्युलन्स' या शब्दाचा अर्थ फक्त गाडी असा नव्हता. फौजेच्या मागोमाग हलणारं इस्पितळ, म्हणजे तंबू, खाटा, औषधं आणि माणसं, हे सगळं त्यात येत असे.

राज्य इंग्रजांचं होतं, त्यामुळे व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांची संमती घेऊनच पथक गेलं. अन्सारी तिथून पत्रं लिहीत आणि ती 'कॉम्रेड'मध्ये छापून येत. पैसे देणाऱ्याला घरबसल्या कळे की आपला चंदा कुठल्या कामी लागला. जुलै १९१३ मध्ये पथक परतलं. पेशावरी मात्र तुर्कस्तानातच राहिले आणि पुढे अफगाणिस्तानात तुर्कीचे प्रतिनिधी झाले. डॉ. अन्सारी १९२७ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

१९३८ : चीनसाठी गाडी आणि पाच डॉक्टर

जपानने १९३७ मध्ये चीनवर हल्ला केला, तेव्हा चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं. ७ ते ९ जुलै १९३८ या तीन दिवसांत निधी गोळा झाला. २२,००० रुपये जमले. त्यातून एक अॅम्ब्युलन्स आणि पाच डॉक्टर पाठवायची सोय झाली.

डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस, डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी हे ते पाच जण. प्रमुख डॉ. अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. सप्टेंबर १९३८ च्या सुरुवातीला हे पथकही मुंबईहूनच बोटीने निघालं. बाकीचे चौघे पुढे परत आले, कोटणीस तिथेच थांबले. ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी त्यांचा तिथे इंतकाल झाला. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांची कहाणी लिहिली आणि तिच्यावर १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला.

चंदा देण्याआधी काय पाहावं?

या दोन्ही पथकांवरून आणि आजच्या कायद्यावरून चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक, घेणारा कोण? चीनची गाडी तिथून मागणी आली म्हणून गेली. तिकडचं कुठलं इस्पितळ किंवा संस्था गाडी ताब्यात घेणार, हे आधी ठरलेलं हवं.

दोन, रोजचा खर्च. गाडी एकदाच विकत घ्यायची असते, पण ड्रायव्हर, डिझेल, टायर, औषधं हे रोज लागतं. सगळा चंदा गाडीतच गेला तर ती दारात उभी राहते.

तीन, परवानगी आणि निशाणी. १९४९ च्या जिनिव्हा करारांनुसार जखमींच्या गाडीवर हल्ला करता येत नाही. पण तिच्यातून हत्यारं नेली तर हे संरक्षण जाऊ शकतं. लाल क्रॉस किंवा लाल चंद्रकोर कुणीही आपल्या मनाने रंगवू शकत नाही; भारतात त्यासाठी १९६० चा कायदा आहे. परदेशात पैसे पाठवण्याचेही सरकारी नियम आहेत. आधी सीएला विचारावं, म्हणजे भल्या कामात कुणाचा पोरगा अडकणार नाही.

चार, हिसाब. चंदा ही अमानत आहे. किती जमले, किती खर्च झाले, किती उरले, हे ज्या दारात डबा फिरला त्याच दारात लावायला हवं. युद्धभूमीतून 'कॉम्रेड'पर्यंत पत्रं पोहोचत होती, मग आपल्याला मोबाइलच्या जमान्यात एक कागद लावायला काय हरकत आहे?

त्या विद्यार्थ्याला आम्ही हे सगळं सांगितलं. पुढच्या जुम्म्याला त्याने पुन्हा दहाची नोट काढली, पण डब्यात टाकण्याआधी विचारलं, "चाचा, पावती मिळेल का?" त्या दिवशी पावतीपुस्तक नव्हतं. आता आहे.