अॅनफिल्डचे गाणे

फुटबॉल क्लबांच्या गाण्यांत सर्वांत ठाऊक असलेले गाणे लिव्हरपूलचे. पण गंमत अशी, की त्यात ना गावाचे नाव आहे, ना क्लबचे, ना चेंडूचे! 'यू विल नेव्हर वॉक अलोन' हे मुळात १९४५च्या 'कॅरोसेल' या अमेरिकन संगीतिकेतले. शब्द ऑस्कर हॅमरस्टाइन यांचे, चाल रिचर्ड रॉजर्स यांची. तिथे ते नवरा गमावलेल्या तरुणीला धीर देण्यासाठी म्हटले जाते.

१९६३मध्ये लिव्हरपूलच्याच जेरी मार्सडन याने ते आपल्या वाद्यवृंदाबरोबर गायले आणि त्याची तबकडी ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. क्लबच्या अॅनफिल्ड मैदानावर तेव्हा सामन्याआधी गाजलेली गाणी लावत. हे गाणे यादीतून उतरले, तरी 'कॉप'वरचे प्रेक्षक ते म्हणायचे थांबेनात. ('कॉप' म्हणजे गोलामागचा चढता कट्टा. नाव बोअर युद्धातल्या स्पियन कॉप टेकडीवरून आलेले. तिथे गांधीजींच्या पथकाने जखमी वाहिले होते.) आपल्याकडे आरती जशी कानावर पडून पाठ होते, तसेच हे गाणे तिथल्या मुलांना वडिलांशेजारी उभे राहून येते, असे मला वाटते.

पण ते खरे गावाचे झाले, ते मला वाटते १९८९नंतर. १५ एप्रिलला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपचा उपांत्य सामना होता. बाहेर गर्दी वाढली म्हणून पोलिसांनी एक मोठे फाटक उघडले आणि लोंढा आधीच भरलेल्या, जाळीबंद भागात शिरला. चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे ९७ पाठीराखे गेले. त्यांतला शेवटचा, त्या दिवशीच्या दुखापतींमुळेच, २०२१मध्ये. वर दारू पिऊन धिंगाणा घातल्याचा आळही पाठीराख्यांवरच आला! माणूस गेल्याचे दुःख एक वेळ गिळता येते, हा आळ कसा गिळायचा?

घरच्या माणसांनी तो गिळला नाही. २०१२मध्ये स्वतंत्र समितीने उघड केले, की पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाले होते. २६ एप्रिल २०१६ रोजी वॉरिंग्टन इथे ज्यूरीने निकाल दिला: तोवर दगावलेल्या ९६ जणांचा मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाला, पाठीराख्यांचा दोष नाही. २७ वर्षे झाली होती. न्यायालयाबाहेर त्या आया, बाप, भावंडे जमली आणि त्यांनी हेच गाणे म्हटले.

२०१९मध्ये बंदोबस्ताचे प्रमुख अधिकारी फौजदारी खटल्यात निर्दोष सुटले. शिक्षा झाली ती एकाच माणसाला, मैदान ज्यांचे होते त्या क्लबच्या तेव्हाच्या चिटणीसाला: साडेसहा हजार पौंड दंड.